चौदा नंबरचं निवळ पाणी

पिऑनीच्या फुलझाडांच्या वाळक्या काड्यांमधून धूर वर आला तेव्हा मार्लिस थीलनच्या हातात पेन्सिल होती आणि पेन्सिलीचं टोक कागदावर टेकलेलं होतं. सप्टेंबरातला कोरडा मंगळवार, सकाळचे साडेनऊ. टेकडीच्या रस्त्याच्या मधोमध मैल्याच्या नळाचं लोखंडी झाकण उघडून त्यावर पंखा बसवला होता आणि तो पंखा खालच्या नळात पांढरा धूर ढकलत होता. छपरावरच्या हवेच्या नळीतून धूर निघाला तर ठीक, तो निघायलाच हवा. पण पन्हळीतून, अंगणातून किंवा भिंतीच्या पायाशी निघाला की समजायचं, या घराने पावसाचं नाहीतर जमिनीतलं निवळ पाणी गुपचूप मैल्याच्या नळात सोडलंय, आणि घराचा नंबर लिहायचा. कंत्राटदाराचा माणूस बाहेरगावचा होता, ब्रँट नावाचा, गालात सूर्यफुलाच्या बिया धरून बोलणारा. तो ओरडून नंबर सांगायचा आणि नगरपालिकेची चिटणीस म्हणून मार्लिस लिहायची. आठ, पन्हळ. अकरा, पन्हळ. बारा, काही नाही. "चौदा," ब्रँट ओरडला. "अरे बापरे, चौदा बघा! चारी बाजूंनी! पायातूनच येतोय. घर काय भट्टीवर बांधलंय का कुणी?" चौदा नंबर तिचं घर होतं.

तिला लाज वाटायला हवी होती, पण ती लगेच वाटली नाही. पहिल्यांदा वाटलं ते हे की घरात कुणीतरी आहे. बाप जाऊन अकरा वर्षं झाली होती, तेव्हापासून त्या घरात तिच्याशिवाय कुणाचा श्वास नव्हता, आणि आता भिंतींच्या मुळाशी सगळीकडून पांढरं काहीतरी हळूहळू वर येत होतं, थंडीत गुरांच्या तोंडातून येतं तसं. मग लाज आली. मग लाजेच्या मागून दुसरंच काहीतरी आलं, आणि ते फार जुनं होतं. "तो अकराचा धूर आहे," ती म्हणाली. "वाऱ्याने आलाय." ब्रँटने एक टरफल थुंकलं, मेपलच्या पानांकडे पाहिलं. एकही पान हलत नव्हतं. "वारा?" "टेकडीवर असतो इथे." "फोटो काढून ठेवू?" "नको. उगाच कशाला." ब्रँट हसला. असली उत्तरं त्याला गावोगाव मिळत असणार. "बाई, यादी तुमची. मी आपला धूर सोडतो आणि घरी जातो." मार्लिसने लिहिलं, चौदा, काही नाही. अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं. एकतीस वर्षं त्या अक्षरात एल्म फोर्ड गावाचा कारभार लिहिला गेला होता, आणि गावात म्हण होती की देव चुकेल पण मार्लिसचं इतिवृत्त चुकायचं नाही. गावाला काय जातं म्हणायला.

वाईट हे की हा सगळा घाट तिनेच घातला होता. राज्याकडे निधीसाठी अर्ज करायचा तर सभेत आठ-दहा वर्षं नुसत्या गप्पा चालल्या होत्या. महापौर विल्फ्रेड, ज्याचं खिळ्या-हातोड्यांचं दुकान होतं, तो दर वसंतात म्हणायचा, "या गावात दोनच गोष्टी फुकट आहेत, पाणी आणि सल्ला," आणि सगळे हसून कॉफी प्यायचे. तिने सगळ्यांना कागदावर समजावून सांगितलं होतं. मैल्याचा नळ बारीक, तो फक्त मैल्यापुरता. जोराचा पाऊस झाला की टेकडीवरच्या घरांच्या पन्हळींचं आणि पायांखालचं निवळ पाणी त्यात घुसतं, नळ भरतो, आणि मग जे खाली उतरायचं ते नदीकाठच्या आळीतल्या तळघरांमधून, फरशीतल्या मोरीतून, उलटं वर येतं. पाणी वरच्यांचं, घाण खालच्यांची. हे शेवटचं वाक्य तिने अर्जात घातलं होतं आणि राज्याच्या तरुण अभियंत्याने, कॉर्बिन त्याचं नाव, त्याखाली रेघ मारून लिहिलं होतं, 'उत्तम'. ज्या घरांतून धूर निघेल त्यांच्या दारावर पिवळा कागद लटकवायचा हीही तिचीच सूचना. "माणूस दंडाला भीत नाही," ती सभेत म्हणाली होती, "शेजाऱ्याला भितो." सगळ्यांना ते पटलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण ते आता कळून काय उपयोग.

पिवळे कागद लागले त्याच्या दुसऱ्या दिवशी अकरा नंबरचा हार्लन कचेरीत आला. पंचाऐंशीचा म्हातारा, बायको गेलेली, टोपी हातात धरून उभा राहिला, जसं पाद्र्यासमोर उभं राहावं. "मार्लिस, माझ्या दारावर कागद लावलाय गं. शपथेवर सांगतो, यात काही वावगं आहे हे मला ठाऊक नव्हतं." तिने चष्म्यावरून पाहिलं. "ठाऊक नव्हतं हे कारण होत नाही, हार्लन. नियम होऊन बावीस वर्षं झाली." "हो, पण त्याच्याही आधीचं काम आहे ते. तुझ्या बापानेच सांगितलं मला, पन्हळ आत घाल म्हणून. म्हणाला, तुझं तळघर कोरडं ठणठणीत राहील. शनिवारी येऊन स्वतः करून दिलं, पैसा घेतला नाही. नुसती बीअर प्यायला." तो थांबला. मग टोपीची कड चाचपत, अगदी साधेपणाने म्हणाला, "तुझ्या घराचं काही निघालं नाही ना?" "नाही," मार्लिस म्हणाली. "मग बरं झालं. तसंही ओटमारचं काम पक्कं असायचं." तो गेल्यावर तिने टेबलावरची कागदाची चवड उगाच सरळ केली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण हार्लनच्या मनात तर खरंच काही नव्हतं, आणि म्हणूनच त्याचा तिला इतका संताप आला. त्याला ओरडायला पाहिजे होतं. कुणीतरी ओरडायला पाहिजे होतं.

ओटमार थीलन शेतांमधून खापरी नळ घालायचा. त्या भागात शेत म्हणजे मुळात दलदल. पायाखाली हातभर गेलं की पाणी. नळ घालून ते पाणी ओढून काढायचं तेव्हा कुठे मका उभा राहतो. त्यामुळे तिथल्या माणसाला पाऊस पडला तर काळजी नाही, पाणी साचून राहिलं तर काळजी. आपलं शेत कोरडं करायचं, पाणी खालच्याच्या अंगावर ढकलायचं आणि रविवारी चर्चमध्ये त्याच्याच शेजारच्या बाकावर बसायचं, हा तिथला शेजारधर्म. खालचाही तक्रार करायचा नाही, कारण त्याच्याखाली आणखी एक खालचा असायचा. "पाणी कुणाच्या बापाचं नसतं," ओटमार म्हणायचा. "बांधापलीकडे गेलं की ते आपलं नाही." त्याने गावात घर बांधलं ते शेतासारखंच बांधलं. पायाभोवती चारी बाजूंनी खापरी नळ घातला आणि तो चर खणून रस्त्याखालच्या मैल्याच्या नळाला जोडला. मार्लिस तेव्हा नऊ वर्षांची होती. जून महिना, ओल्या मातीचा वास, चराच्या काठावर चादरीवर झोपलेली चार वर्षांची आर्डिथ, तिच्या तोंडावर माशी बसू नये म्हणून आईने टाकलेलं मलमलीचं फडकं. शेवटच्या सांध्यापाशी बापाचा हात आत जाईना. त्याने मार्लिसला काखेत धरून चरात उतरवलं, तिच्या चिमुकल्या तळहातावर सिमेंटचा गोळा ठेवला आणि म्हणाला, "घाल आत हात. गोल फिरव. घट्ट दाब. थीलनच्या पोरीचा सांधा आहे, शंभर वर्षं हलता कामा नये." तिने हात घातला. आत थंडगार, अंधार, आणि नळाच्या पलीकडून येणारा एक गोडसर कुजका वास. तिने गोल फिरवलं. सिमेंटने बोटं भाजली, चार दिवस आई त्यांना लोणी चोळत होती, आणि त्या चार दिवसांइतकी ती आयुष्यात कधी मोठी झाली नव्हती. शाळेत बोटं दाखवत फिरली होती.

तेव्हा तिला ठाऊक होतं की नव्हतं? ती आता हाच एक प्रश्न घेऊन रात्रंदिवस घरात वावरायला लागली. नऊ वर्षांच्या पोरीला ठाऊक असणं म्हणजे काय? आणि एकसष्ट वर्षांच्या बाईला ठाऊक नसणं म्हणजे काय? बावीस वर्षांपूर्वी नियम झाला तेव्हा त्याचा मसुदा तिनेच टंकलिखित केला होता, 'घराच्या पायाचा निचरा मैलावाहिनीस जोडणे यास मनाई आहे', आणि ते टाइप करताना उजव्या हाताची बोटं जराशी अडखळली होती. अडखळली होती का? की आता तसं वाटतंय? स्वतःच्या मनाचं इतिवृत्त कुणी लिहून ठेवत नाही हे बरंच आहे म्हणायचं. शनिवारी दुपारी ती पापनिवेदनाला गेली, जाळीपलीकडच्या तरुण पाद्र्याला सांगितलं की आपण माणसांशी तुसडेपणाने वागतो, की हार्लनला कडक बोललो. "आणखी काही?" त्याने विचारलं. "नाही फादर." त्याने तीन प्रार्थना सांगितल्या. तिने पाच म्हटल्या, जादा दोन कशाच्या ते देवाने समजून घ्यावं.

खरं म्हणजे हे सगळं तिने कधीच सांगून टाकलं असतं, पिवळा कागद स्वतःच्या हाताने दारावर लावला असता, गाव चार दिवस हसलं असतं, विल्फ्रेडला वर्षभराचा विनोद मिळाला असता. गावाची तिला भीती नव्हती. भीती आर्डिथची होती. आर्डिथ, धाकटी बहीण, लग्न होऊन नदीकाठच्या आळीत गेलेली, टेकडीच्या रस्त्याचा नळ जिथे जाऊन मिळतो तिथून तिसरं घर. आर्डिथ आणि तिचा नवरा डेल्बर्ट उन्हाळ्यात तळघरात झोपायचे, गारव्याला, त्या आळीत सगळेच झोपतात. चार वर्षांपूर्वी जूनमध्ये रात्रभर पाऊस झाला आणि उजाडता उजाडता डेल्बर्टने पलंगावरून पाय खाली ठेवला तो घोटाभर घाणीत. त्याला साखरेचा आजार, तळपायाला एक जखम होती ती त्याला जाणवतही नव्हती. आठ दिवसांनी ताप आला. मग पाऊल काढलं. मग गुडघ्याखालचा पाय. जानेवारीत तो गेला. अर्जाला जोडलेलं सगळ्यात भक्कम कागदपत्र म्हणजे आर्डिथचं निवेदन, आणि आर्डिथला लिहायचं जमत नाही म्हणून तेही मार्लिसनेच तिच्या स्वयंपाकघरात बसून लिहून घेतलं होतं. "लिही," आर्डिथ म्हणाली होती, बटाटे सोलता सोलता, "लिही की मला देवाचा राग नाही. पाऊस देवाने पाडला. पण ते पाणी माझ्या घरात कुणी घातलं ते मला बघायचंय. एकदा तोंड बघायचंय त्याचं." "हे असं नको," मार्लिस म्हणाली होती, "हे फार कडू वाटतं." आणि तिने लिहिलं, 'जबाबदार जोडण्या शोधल्या जाव्यात अशी माझी विनंती आहे.' तेव्हाही ती कशाला घाबरली होती, जर तिला ठाऊक नव्हतं तर?

त्या पुरानंतर तीन महिने आर्डिथ आणि डेल्बर्ट तिच्याच घरी राहिले होते. तिच्याच तळघरात. हे आठवलं की मार्लिसला बसल्या जागी घाम यायचा. स्वच्छ चुना दिलेल्या भिंती, कोरडी फरशी, आणि दवाखान्यातून आलेला डेल्बर्ट एक पाय उशीवर ठेवून पडलेला, पत्त्यांचा एकट्याचा डाव मांडत. घर बांधावं तर असं, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, आणि मार्लिसला, खरं सांगायचं तर, बरं वाटायचं. दोघींत लहानपणापासून एक हिशेब होता, कुणाचं नशीब फळफळलं याचा, नवरा आर्डिथला मिळाला होता, मुलगी आर्डिथला मिळाली होती, पण घर मार्लिसचं कोरडं होतं. एवढी क्षुद्र गोष्ट, पण माणूस असल्याच गोष्टींवर जगतो. ऑगस्टात एक दिवस दुपारी पाऊस आला. ती जेवणाचं ताट घेऊन खाली गेली तर डेल्बर्ट भिंतीला कान लावून पडलेला. "मार्ली, ऐक. भिंतीपलीकडे पाणी वाहतंय." "नळ असेल," ती म्हणाली. "कसला नळ? वरचा नळ तर बंद आहे. चांगला झरा वाहिल्यासारखा वाहतोय की." डेल्बर्ट चाळीस वर्षं लोणी-चीजच्या कारखान्यात नळजोडणीच्या कामावर होता. तो भिंतीकडे बघत राहिला, मग तळघराच्या कोपऱ्यांकडे. पाणी उपसायचा पंप कुठे दिसत नव्हता, कारण तो नव्हताच, या घराला कधी लागलाच नाही. मग त्याने तिच्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. "ठेव ते ताट," तो म्हणाला, "बटाट्याचं आहे ना? मला आवडतं." नंतर त्याने तो विषय काढला नाही, बायकोकडेही काढला नसावा, आणि घर बांधावं तर असं म्हणणंही त्या दिवसापासून बंद झालं. दुसऱ्याचं मीठ खाल्लेला माणूस तोंड दाबून बुक्क्यांचा मार खातो, तसा तो तीन महिने तिच्या भिंतीपलीकडचं पाणी ऐकत राहिला. हे तिला आत्ता, धुरानंतर कळलं. आत्ताच कळलं, ती स्वतःला बजावत असे.

ऑक्टोबरात राज्याची मंडळी सुनावणीला आली. दुपारी तीनची वेळ, सभागृहात कॉफीचं मोठं भांडं, बायकांनी भाजून आणलेल्या केकच्या वड्या. आर्डिथने निळा कोट घातला होता आणि कानातली यंत्रं दोन्ही लावली होती, एरवी ती एकच लावते. तिने निवेदन वाचलं. मार्लिसने लिहिलेली सभ्य वाक्यं तिने शेवटपर्यंत वाचली आणि मग कागद घडी करून ठेवला. "हे माझ्या बहिणीने लिहिलंय," ती राज्याच्या अधिकारी बाईंना म्हणाली, "तिला लिहिता येतं, मला येत नाही. मला एवढंच सांगायचंय की मी त्या घरात आता राहू शकत नाही. मुलगी डुलुथला बोलावते. घराला विक्रीची पाटी लावलीय. पण विकणार कुणाला? ज्याला विकीन त्याच्या अंगावर हेच येणार. म्हणून म्हणते, तुम्ही हे पाणी अडवा. अडवलंत तर मी जाणारही नाही. मला कुठे जायची हौस आहे? माझी बहीण इथे आहे." मार्लिस टिपणं घेत होती. तिने लिहिलं, 'श्रीमती आर्डिथ यांनी आपले म्हणणे मांडले.' राज्याच्या बाईंनी तिच्याकडे वळून विचारलं, "मिस थीलन, दोषी घरांची यादी पूर्ण आहे? चिटणीस म्हणून तुम्हालाच सही करावी लागेल." एकसष्ट घरं होती यादीत. बासष्टावं लिहायला एक ओळ पुरली असती, कागदावर खाली जागाही होती. तिने समोर पाहिलं. आर्डिथ तिच्याकडे बघून हसत होती, लहानपणी नाटकात काम करताना पडद्याच्या फटीतून बघायची तशी. आर्डिथ गेली तर रविवारचं जेवण कुणाबरोबर, गुरुवारचा पत्त्यांचा डाव कुणाबरोबर, आणि मेल्यावर तोंडावर फडकं कोण टाकणार? आणि सांगितलं तर आर्डिथ जाणारच, नुसती डुलुथला नाही, फार लांब जाणार. "पूर्ण आहे," मार्लिस म्हणाली आणि सही केली.

निधी मंजूर झाल्याचं पत्र नाताळाच्या आधी आलं. विल्फ्रेडने दुकानात केक कापला, स्थानिक वर्तमानपत्रात मार्लिसचा फोटो आला, हातात अर्जाची जाडजूड प्रत. आर्डिथने तो फोटो कापून फ्रीजवर लावला आणि दारातली विक्रीची पाटी बर्फातून ओढून काढून सरपणात घातली. मार्लिसने मनाशी ठरवलं होतं की वसंतात, गोठलेली जमीन मऊ झाली की, आपण आपलं गुपचूप करून घ्यायचं. पण गुपचूप कसं? घराभोवती चारी बाजूंनी पुरुषभर खणायला लागतं. त्याला परवाना लागतो, तो तिच्याच कचेरीतून निघतो आणि दाराबाहेरच्या फळ्यावर आठ दिवस लावावा लागतो. गावात नळाचं काम करणारा एकच, लोवेल, आणि लोवेलच्या पोटात गोष्ट राहिली असं आजवर झालेलं नाही. मेमध्ये एकसष्ट घरांची कामं सुरू झाली तेव्हा तिला वाटलं, या गर्दीत आपलंही खपून जाईल. पण मग वाटलं, हार्लन विचारेल. हार्लनने आपली पन्हळ तोडून घेतली, अंगणात एक पिंप ठेवलं आणि येता-जाता तिला ते दाखवायला लागला, शाळेतल्या पोराने गृहपाठ दाखवावा तसं. जून गेला. कामं संपली. जुलैत एक मध्यम पाऊस झाला, आर्डिथचं तळघर कोरडं राहिलं, आणि तिने फोनवर रडून रडून सांगितलं. त्याच आठवड्यात कॉर्बिन मोजमापाचं यंत्र घेऊन आला, दोन दिवस रस्त्यावरची झाकणं उघडून बसला आणि तिसऱ्या दिवशी कचेरीत येऊन डोकं खाजवत म्हणाला, "मिस थीलन, सगळीकडे पाणी घटलंय, छान घटलंय. फक्त टेकडीच्या रस्त्याच्या वरच्या टप्प्यात अजून कुठूनतरी निवळ पाणी येतंय. चांगलं भरपूर. यादीतल्या सगळ्या घरांच्या जोडण्या तर तोडल्यात. मला उमगत नाही." "जुनी खापरं आहेत," ती म्हणाली, "झिरपत असेल." "असेल," तो म्हणाला. "पण मोठा पाऊस झाला तर खालच्या दोन-चार घरांना धोका आहेच. त्यांना सांगून ठेवा हं." "सांगते," ती म्हणाली.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात उकाडा असा झाला की पाखरंही बोलेनात. रविवारी चर्चहून परत येताना आर्डिथ म्हणाली, "आज जेवायला माझ्याकडे. आणि थोडा हात लाव मला, एक काम आहे." काम म्हणजे पलंग. वरच्या खोलीतला तिचा लोखंडी पलंग तिला तळघरात न्यायचा होता. तिने तिथे आधीच सगळी मांडामांड करून ठेवली होती. नवी फरशी, नवा गालिचा, कोनाड्यात डेल्बर्टचा फोटो, आणि मोरीच्या जाळीवर, जिथून ते सगळं वर आलं होतं तिथे, एक छोटीशी तिवई, तिवईवर पाण्याचा ग्लास आणि कानातली यंत्रं ठेवायची डबी. "पाच वर्षं झाली," आर्डिथ म्हणाली, "वर भाजून निघतेय मी. यंत्रं काढली की मला कान नाहीत, दगडासारखी झोपते, पण झोपायला गारवा तर हवा ना." ती खुशीत होती. तिचे गाल लहानपणीसारखे लाल झाले होते. खाली गार होतं, ओल्या चुन्याचा वास येत होता, आणि मार्लिसच्या उजव्या हाताच्या बोटांना काहीतरी झालं, जुनी खाज असावी तशी. बाहेर आभाळात एक ढग नव्हता. पण ऑगस्ट आहे, ऑगस्टात ढगाला काय उशीर लागतो. तिने तोंड उघडलं. वाक्य तयार होतं. ते गेले अकरा महिने तयार होतं, त्याला एकच आरंभ होता, 'आर्डिथ, आपल्या डॅडने,' आणि पुढचं आपोआप आलं असतं.

"आर्डिथ," ती म्हणाली.

"काय गं?"

"पलंग वरच ठेव ना. पंखा आणू आपण तुला. मोठा. मी आणते."

आर्डिथ थांबली. तिने पलंगाची एक कड धरलेली होती, ती हातातच राहिली. "का?"

"का म्हणजे. उगाच. पावसापाण्याचे दिवस आहेत."

"अगं बाई," आर्डिथ हसली, "अख्ख्या राज्याला तू सही करून दिलीस की सगळं पाणी सापडलं म्हणून. मी पाटी काढली, पोरीला नाही म्हटलं, ते कुणाच्या जिवावर? आता तुझाच तुझ्या यादीवर भरवसा नाही की काय?"

"आहे," मार्लिस म्हणाली, आणि पलंगाची आपल्या बाजूची कड उचलली.